शाळेच्या आधीची शाळा: घरात लहान मुलांना काय आणि कसं शिकवायचे ते आजीकडून काढून घ्यायची पद्धत

आजीला थेट विचारून बघा, शाळेत जायच्या आधी तुला घरी कोणी काय शिकवलं? उत्तर जवळपास ठरलेलं असतं, "काही नाही गं, आम्हाला कोण शिकवत बसणार, घरात कामं काय कमी होती?" आणि हीच आजी अर्ध्या तासाने भाजीवाल्याशी हिशोब करताना पाव-पाऊण तोंडावर करून मोकळी होते, नातवाचा हात धरून एकेक बोट मोजत करंगळी-मरंगळी करते, आणि आज तिथी कोणती ते भिंतीकडे न बघता सांगते. मग हे आलं कुठून? कोणीतरी शिकवलंच असणार ना. फक्त तिच्या लेखी ते शिक्षण नव्हतं, कामाच्या जोडीने चाललेलं बोलणं होतं, त्यामुळे शिक्षण म्हणून विचारलं की तिला काही आठवतच नाही.

तर पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच, शिक्षणाबद्दल विचारायचं नाही, कामाबद्दल विचारायचं. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत असला की काय विचारायचं ते आपोआप सुचतं. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की लहान मुलांचं शिक्षण म्हणजे नर्सरी-केजी आणि ते आलं युरोपातून. बालवाडी ही संस्था तिकडून आली हे खरंच आहे, पण तिकडे तरी ती कुठून आली? घरातूनच. कोमेनियस नावाचा मोरावियातला एक धर्मगुरू आणि शिक्षक, युद्धामुळे देश सोडून पोलंडमध्ये राहणारा, त्याने सतराव्या शतकात लहान मुलांच्या आईबापांसाठी एक पुस्तक लिहिलं, १६३३ मध्ये ते जर्मनमध्ये छापलं गेलं. त्याचं म्हणणं असं की जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची शाळा म्हणजे आईची मांडी, आणि या शाळेतही सगळे विषय असतात. खगोल म्हणजे सूर्य-चंद्र ओळखणं, भूगोल म्हणजे आपलं घर, शेत, ओढा कुठे आहे ते कळणं, इतिहास म्हणजे काल काय झालं ते सांगता येणं, गणित म्हणजे दहापर्यंत मोजणं आणि जास्त-कमी समजणं, अगदी राज्यशास्त्रसुद्धा, म्हणजे घरात कोण मोठं, कोणाचं ऐकायचं, गावात कोणाला काय म्हणायचं. पुढे पेस्टालोझी या शिक्षणतज्ज्ञाने १८०१ मध्ये स्वित्झर्लंडमधून आपल्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये ब्लँकनबुर्गला लहान मुलांची संस्था काढली, १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं, आणि १८४४ मध्ये त्याने आयांसाठी जे पुस्तक काढलं त्यात काय होतं, तर बोटांचे खेळ आणि गाणी! म्हणजे आपल्या आज्या जे करतात तेच. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृहसुद्धा १९०७ मध्ये रोममधल्या सॅन लोरेंझो भागात कामगारांच्या चाळवजा इमारतीतच सुरू झालं, मुलांच्या राहत्या घराच्या पायरीशी.

आपल्याकडे गुजरातमधले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि मग १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या. तिथे काय दिसलं तर मुलं शाळेत येतच नाहीत, मग शाळाच मुलांच्या वस्तीवर, त्यांच्या अंगणात न्यायची, तीच अंगणवाडी. महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून खडे, बिया, पानं, शिंपले वापरले, जे त्या मुलांच्या घरात आणि परसात आधीपासूनच होते. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि आज तिच्या गावोगावच्या केंद्रांना आपण अंगणवाडीच म्हणतो.

आता कामाला लागू.

कोमेनियसची ती यादीच मी प्रश्नावली म्हणून वापरते. त्याच्या नावाने नाही अर्थात, आजीसमोर खगोल-भूगोल काढलं तर ती उठून चहा टाकायला जाईल. यादी आपल्या डोक्यात ठेवायची आणि विचारायचं दिवसाच्या वेळांवरून. पहाटे घरात कोण आधी उठायचं, तेव्हा तू कुठे झोपलेली असायचीस, दळताना आई काही म्हणायची का? दुपारी बायका काय करत बसायच्या आणि तुम्ही पोरं तिथे काय करायचात? दिवा कधी लागायचा आणि त्यानंतर काय? अंगणात झोपायचात का, आकाशात काय काय ओळखता यायचं?

पहाटेचं उत्तर बहुतेक वेळा जात्यावर येऊन थांबतं. मूल मांडीवर किंवा शेजारी गोधडीत, जात्याची घरघर, आणि आईच्या ओव्या. त्या ओव्यांमध्ये माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, सासू सगळं असायचं, म्हणजे मुलाच्या कानावर पहिली भाषा पडायची ती अशी लयीतली. ओव्या नुसत्या "सांग" म्हटलं तर बाईला आठवत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा. हाताला काम हवं. जातं नसेल तर खलबत्ता द्या, तांदूळ निवडायला द्या, पाट्यावर काहीतरी वाटायला घ्या, आणि मग बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह झाला, तो एक लाखाच्या वर गेलाय आणि नेटवर ऐकायलाही मिळतो. आपल्या तालुक्यातलं काही आहे का ते आधी शोधून आजीला ऐकवा, दुसऱ्या बाईचा आवाज ऐकला की "आमच्यात असं नव्हतं म्हणत" असं म्हणून ती स्वतःची सुरू करते. चूक काढायची संधी मिळाली की माणूस बोलतोच.

दुपार म्हणजे मोजमाप. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं हातात घेऊन लहान मुलं धान्याशी खेळायची, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोणी फळ्यावर शिकवलं नाही, ओतून ओतून कळलं. घरात जुनं माप असेल तर माळ्यावरून काढाच आणि समोर ठेवा, वस्तू समोर आली की आठवण येते. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता "लाभ" म्हणायचे का, ते विचारा. चिंचोक्यांची एकी-बेकी, सागरगोटे, कवड्या, हे सगळं इथेच येतं. बोटांच्या पेरांवर मोजायची पद्धत विचारलीत तर ती बोलून नाही कळणार, व्हिडीओ घ्या, फक्त हातांचा. कोणी अंगठ्याने खालून वर जातं, कोणी वरून खाली, एका घरात दोन पद्धती पण सापडतात आणि मग लक्षात येतं की एक सासरची आणि एक माहेरची.

यावर जरा थांबते, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. आपण म्हणतो "आमच्या घराण्यात असं शिकवायचे". पण लहान मूल सांभाळायच्या बायका, आणि बायका तर लग्न करून दुसऱ्या गावाहून आलेल्या. म्हणजे कुलवृत्तांतात जे घराणं छापलेलं असतं त्याचा या शिक्षणाशी संबंध थोडाच, तुमची अंगाई ही खरं तर आजीच्या आईच्या आईच्या गावची असते, जिचं नाव वंशावळीत कुठेच नसतं. म्हणून प्रत्येक गाण्याला, प्रत्येक खेळाला एक प्रश्न चिकटवायचाच, हे तुला कोणाकडून आलं आणि ती कुठली? देशावरची आजी कोकणात दिली असेल तर तिच्याकडे दोन्हीकडचं मिसळलेलं असतं, वेगळं करता येतंय का बघा. गोव्यातल्या घरांमध्ये आणखी एक थर असतो, १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य, त्यामुळे मराठी वाचायला कोण शिकलं आणि कुठे, घरात पोथीवर की खासगी शाळेत, हे मुद्दाम विचारण्यासारखं आहे.

संध्याकाळ हा खजिना आहे. तिन्हीसांजेला दिवा लागला की हातपाय धुऊन देवासमोर बसायचं, शुभंकरोती, मग मारुतीस्तोत्र, मग वार, महिने, तिथी, नक्षत्रं, आणि मग पाढे. हा परवचा. तीन वर्षांचं पोर मोठ्या भावंडांच्या शेजारी बसून नुसतं पुटपुटायचं, अर्थ कळायचा प्रश्नच नव्हता, पण सहाव्या वर्षी शाळेत गेलं तेव्हा अर्धी उजळणी झालेली असायची. पाढे म्हणजे नुसते बे एके बे नाहीत हं, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. सात पाऊण म्हणजे सव्वापाच हे आज मोबाईल काढून करावं लागतं. याची गरज का होती ते समजून घ्या म्हणजे प्रश्न नीट विचारता येईल, रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक, सगळं जग पावात आणि अर्ध्यात चालायचं, दशांश नव्हतेच. विचारताना "पाढे यायचे का" असं विचारू नका, लोक लाजतात. आपणच मुद्दाम चुकीचं म्हणा, समोरचा दुरुस्त करतो, आणि गाडी सुटली की थांबवायची नाही, अगदी कंटाळा आला तरी. कुठे अडखळतात तेही रेकॉर्ड होऊ द्या.

रात्रीचं मी जास्त सांगत नाही, चांदोबा, गोष्टी, अंगाई हे सगळ्यांना माहितीये. फक्त गोष्ट कोणती यापेक्षा कोणत्या प्रसंगी सांगायचे ते विचारा.

सणवार आणि संस्कारसुद्धा सोडू नका. जन्मानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून. उष्टावणाच्या वेळी बाळासमोर पुस्तक, पैसे, अवजार असं काही ठेवून ते कशाला हात लावतं ते बघायचे का? दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती कोण काढायचं? श्री कशावर गिरवला, धूळपाटीवर, ताटातल्या तांदळावर, की दगडी पाटीवर? आणि हात कोणी धरला होता? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, उत्तर वडील, आजोबा, मामा असं असेल तर ठीकच, पण कधी कधी "शेजारच्या काकू" असं येतं आणि त्यातून वेगळीच गोष्ट निघते.

आता एक अप्रिय भाग. वर जे परवचा वगैरे लिहिलं ते सगळ्या घरांचं नाही, अक्षरओळख बऱ्याच काळापर्यंत मोजक्याच जातींच्या घरांत होती आणि तिथेही मुलग्यांसाठी. पण म्हणून बाकीच्या घरांत बालशिक्षण नव्हतं असं नाही, उलट तिथे ते जास्त काटेकोर असायचं. कुंभाराच्या घरात चार वर्षांच्या पोराला मातीचा गोळा मिळायचा, कोष्ट्याच्या घरात कांड्या भरायला, धनगराच्या घरात कोकरं सांभाळायला, शेतकऱ्याच्या घरात पाखरं हाकायला. तुमचं घर असं असेल तर प्रश्न बदला, कुठलं काम कितव्या वर्षी हातात दिलं, आधी बघायला लावायचे की थेट करायला, चुकलं तर काय व्हायचं? हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, परवचा तरी छापील सापडतो, हे तुम्ही नाही विचारलंत तर गेलंच. आणि ज्या घरात हे विचारताना "आम्हाला शिकूच दिलं नाही" असं उत्तर येईल तेही तसंच लिहा, गोड करू नका.

मुलींचं वेगळं विचारा. मुलगी शिकली तर विधवा होते असं खुशाल सांगायचे, भातुकली हाच तिचा अभ्यासक्रम. आणि सहा-सात वर्षांची थोरली बहीण हीच बऱ्याच घरांत खरी शिक्षिका असायची, कडेवर धाकटं भावंड घेऊन दिवसभर फिरणारी. आजीला "तुला कोणी सांभाळलं" विचारलं की "आक्काने" येतं, आणि मग आक्का शाळेत गेली का विचारलं की शांतता. पुढे बोर्डीजवळच्या कोसबाडला ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, विकासवाडी म्हणून, तिचं एक कारण हेच, धाकट्याला सोडून थोरली शाळेत येणार कशी? मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन झोपवून कामावर जायच्या, हे १९२० च्या दशकातल्या नोंदींमध्ये आहे. म्हणजे आजीच्या मांडीची शाळा प्रत्येकाला मिळाली नाही. माझ्या मते हा भाग वगळून केलेली नोंद निव्वळ शोभेची असते.

काळ कसा ठरवायचा? जन्मतारखा भरवशाच्या नसतात, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली १ जून सगळ्यांचीच. त्यापेक्षा मोठ्या घटना वापरा. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा तू शाळेत होतीस का, पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा केवढी होतीस, बहात्तरच्या दुष्काळात कुठलं मूल मांडीवर होतं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, त्यामुळे ज्याला पावकी-निमकी पाठ आहे आणि ज्याला फक्त तीसपर्यंत पाढे येतात यांच्यामधली रेघ साधारण तिथेच पडते. लोक आठ आणे हा शब्द नंतरही वापरत राहिले, तेवढ्यावरून फसू नका. गावात पिठाची गिरणी कधी आली ते विचारा, ओव्या तिथे कमी होतात. वीज कधी आली, टीव्ही कधी आला तेही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि परवच्याची वेळ आणि टीव्हीची वेळ एकच, पुढे काय झालं ते सांगायला नको.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, कुकरची वेळ टाळा. एका वेळी पाऊण तासाच्या वर बसू नका, म्हातारी माणसं थकतात पण सांगत नाहीत. दोन बहिणी किंवा नणंद-भावजय एकत्र बसवल्या तर सोनं, त्या एकमेकींना दुरुस्त करतात. उलट मुलगा-सून शेजारी असतील तर मारझोड, उपास, अफू असले विषय निघत नाहीत, त्यांना बाहेर पाठवा गोड बोलून. लिहून काढताना जसं बोलल्या तसंच लिहा, "व्हतं" असेल तर "व्हतं", प्रमाण भाषेत धुऊन काढू नका, आणि बडबडगीताचे शब्द अर्थहीन वाटले तरी बदलू नका, अडगुलं-मडगुलंचं छापील रूप पुस्तकात आहेच, तुम्हाला तुमच्या घरचं हवंय. आणि कुठेही टाकायच्या आधी त्यांना विचारा, घरातल्या काही गोष्टी त्यांना बाहेर नको असतात.

घरात लहान मूल असेल तर यातलं थोडं वापरूनही बघा, पण सगळं एकदम नाही. दोन वर्षांच्या मुलासोबत करंगळी-मरंगळीपासून कोपर, खांदा, हनुवटी करत चिमण्यांच्या किलबिलाटापर्यंत जायचं, त्यात शरीराचे अवयव, क्रम, आणि आता गुदगुल्या होणार याची वाट बघणं, सगळं येतं. तीन-चारच्या मुलाला वाटी आणि डाळ द्या, ओतू दे, सांडू दे. परवचा लावायचा तर पाच मिनिटं, आणि मोठ्यांनी स्वतः बसायचं, फोन बाजूला ठेवून, नाहीतर मूल दोन दिवसांत ओळखतं की हे फक्त माझ्यासाठी आहे आणि उठून जातं. पावकी शिकवायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही, तिची गरज संपली. तिथी-नक्षत्रांपेक्षा गच्चीवर नेऊन चंद्र रोज केवढा दिसतो ते दाखवणं बरं.

फायलींना नाव देताना सांगणारीचं नातं, तिचं माहेरचं गाव, काम किंवा वेळ आणि रेकॉर्डिंगची तारीख एवढं घाला, "आजी १", "आजी नवीन", "आजी फायनल" असं नको, वर्षभराने काही कळत नाही. व्हॉट्सॅपवर पाठवलेला व्हिडीओ दाबून लहान होतो आणि पेरांवरची मोजणी धड दिसत नाही, म्हणून मूळ फाइल ड्राइव्हवर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवा. आणि एक कॉपी आजीच्या माहेरी, तिच्या भाच्यांकडे पोचवा, कारण त्यांच्याकडे त्याच गाण्याचा उरलेला अर्धा भाग असायची बरीच शक्यता असते.